बेरजेत बुडालेली रेषा

‘खालून दुसरी ओळ वाचा,’ तो म्हणाला, आणि तेवढ्यात पांढऱ्या कोटाच्या खिशात फोन थरथरला. खुर्चीतल्या बाईंनी एक डोळा झाकून वाचायला सुरुवात केली, तिसऱ्या अक्षराशी अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून लागल्या. त्यानं काच बदलली. ‘आता बरं दिसतं की आधी बरं होतं?’ ‘आधी,’ बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘नाही, आता.’ चष्म्याच्या दुकानात दिवसभर हेच चालतं. माणसाला बरं म्हणजे काय ते एरवी माहीत नसतं, दोन काचा आलटून पालटून समोर धरल्या की मग कळतं, आणि तेही नक्की नाहीच. फोन पुन्हा थरथरला. गिऱ्हाईक खुर्चीत असताना फोन बघायचा नाही हा नियम होता, आणि नियम त्याचाच होता. त्यानं बाईंच्या खांद्यामागे फोन हळूच बाहेर काढला. हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटावर साडूचा निरोप होता. वर्णपटांची चित्रं, एकाखाली एक, आणि शेवटी ओळ: ‘शनिवारच्या फ्रेम सुट्या सुट्या लावून बघितल्या. हीलियमची निळी रेषा वर-खाली होतेय. अर्ध्या तासात दुप्पट उंच. माझं काही चुकतंय का?’ खाली अंगठे, टाळ्या, कुणाचं तरी उद्गारचिन्ह. बाई वाट बघत होत्या. ‘आता काही बदललं का?’ त्यांनी विचारलं. ‘नाही,’ तो म्हणाला, ‘तीच काच आहे.’

तोंडात कसलीशी चव आली. चष्म्याच्या दांडीचा बारीक स्क्रू ओठांत धरला की जिभेच्या टोकाला येते तशी, धातूची. ओठांत काही नव्हतं. आधी त्याला वाटलं, आपल्याला काळजी वाटतेय. बिचारा चुकला असणार, सगळ्यांसमोर हसं होणार, आपण त्याला आधीच सांगायला हवं होतं की घाईनं काही टाकत जाऊ नकोस. ही काळजी त्यानं बाईंचा दुसरा डोळा तपासून होईपर्यंत पुरवली. मग ती संपली. तिच्याखाली जे होतं ते तसंच बसून राहिलं, आणि त्याला नाव द्यायची त्याला घाई नव्हती.

साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. विचित्र नातं आहे हे. रक्ताचं नाही, आवडीचं नाही. दोन परके बाप्ये एकाच घराचे जावई झाले एवढ्यावर त्यांना जन्मभर शेजारी शेजारी ठेवून बघितलं जातं. लग्नानंतरची सहा वर्षं तो त्या घरात एकटा जावई होता. जेवणाच्या टेबलाशी खिडकीकडची खुर्ची त्याची, सासरे निवृत्त नकाशाकार, त्यांना रेषांचं वेड, ते त्याला खोदून खोदून विचारायचे, आणि तो त्यांना सांगायचा: दुर्बिणीच्या मागे एक बारीक फट असते, फटीमागे जाळी कोरलेली काच, ताऱ्याचा उजेड त्यातून गेला की ठिपक्याचा पट्टा होतो आणि पट्ट्यात रेषा दिसतात, तारा कशाचा आहे, किती तापलाय, सगळं त्या रेषांत. मग धाकटी एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला घेऊन आली. उंच, हसरा, बाह्या वर सारलेला, नखांत ग्रीस. पहिल्याच भेटीत तो खिडकीकडच्या खुर्चीत बसला, आणि कुणीतरी ‘अरे ती दादांची’ म्हणाल्यावर इतक्या सहज उठला, इतकं मनापासून ‘सॉरी दादा’ म्हणाला की ‘बस रे, बस’ म्हणावंच लागलं. तेव्हापासून ती खुर्ची कुणाचीच नव्हती.

आणि दोन वर्षांपूर्वी ह्या माणसाला त्यानंच दुर्बीण शिकवली. आपला जुना वर्णपटमापक दिला, स्वतः बसून फट लावून दिली, दोघं गच्चीवर गुडघ्यांवर बसून एकाच टॉर्चच्या उजेडात स्क्रू पिळत होते, आणि साडू म्हणाला होता, ‘दादा, हे तर लिफ्टच्या ब्रेकपेक्षा सोपं आहे.’ सोपं! त्याला स्वतःला पहिली स्वच्छ रेषा मिळायला सबंध एक हिवाळा लागला होता.

ज्या ताऱ्यावरून हे सगळं झालं तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. दुर्बिणीतून एक तांबूस ठिपका. पण ते आहेत दोघं. एक म्हातारा, फुगून अवाढव्य झालेला, थंड, तांबडा. आणि त्याच्या अगदी कुशीत एक बारका, जळून आटलेला, पांढरा, भयंकर तापलेला. मोठ्याला स्वतःचा वायू धरून ठेवता येत नाही, धाकटा तो ओढून घेतो, स्वतःभोवती गुंडाळतो आणि पेटतो. सहजीवी तारे म्हणतात अशांना. जगातली कुठलीही दुर्बीण ह्या दोघांना वेगळं करून दाखवत नाही, फक्त वर्णपटात दोघांच्या सह्या एकावर एक पडलेल्या दिसतात: थंडाचे जाड काळे पट्टे आणि त्यांतून भाल्यासारख्या वर आलेल्या तापलेल्याच्या उजळ रेषा. हे एकदा जेवताना निघालं तेव्हा साडू लगेच म्हणाला होता, ‘म्हणजे दादा आणि मीच की. मोठा बघा कसा ऐसपैस, सगळीकडून दिसतो. धाकट्यानं त्याच्याकडचं घ्यायचं आणि भाव खायचा.’ सासरे हसता हसता ठसकले. धाकटीनं नवऱ्याच्या दंडावर चापट मारली. सगळ्यांत जास्त वेळ तोच हसला होता, इतका की बायकोनं टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला.

शनिवारी त्यानंही तोच तारा धरला होता. हेच तर. दोघांनी ठरवून नाही, गटप्रमुख बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं की हा तारा सध्या खवळलेला आहे, ज्याला जमेल त्यानं बघा. बाई कुठल्याशा दूरच्या गावात शिकवत होत्या, आता घरी बसून जगभरच्या हौशी लोकांची निरीक्षणं गोळा करत होत्या. त्यांनी शिफारस केली की मोठ्या वेधशाळेतले लोक ऐकत. त्यानं आपल्या पद्धतीनं काम केलं होतं. म्हणजे पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम घ्यायच्या, एकामागून एक, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करायची. एकेका फ्रेममध्ये कचरा असतो, दाणे, खोट्या रेषा, कॅमेऱ्याचे भास. बेरीज केली की कचरा आपोआप मरतो आणि खरं तेवढं उरतं. ही त्याची श्रद्धा होती. साडूला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, ‘बेरीज केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.’ त्या रात्रीच त्यानं आपली बेरीज गटावर टाकली होती, गुळगुळीत, देखणी, आणि खाली लिहिलं होतं: ‘बदल नाही.’

आता गटप्रमुख बाईंचं उत्तर आलं. दुकानातला दिवा बदलायला तो शिडीवर चढला होता, तिथंच वाचलं. बाई नेहमीप्रमाणे सभ्य होत्या. साडूची चित्रं फार महत्त्वाची ठरू शकतात. पण त्याच वेळी गटातल्या सर्वांत अनुभवी निरीक्षकाला काहीच बदल दिसलेला नाही. नवीन दुर्बिणीची बैठक सैल असली की तारा फटीवरून घसरतो आणि असं भासू शकतं. दोघांनीही पुन्हा तपासावं. रविवारी संध्याकाळी त्या अहवाल पुढे पाठवतील. दुजोरा मिळाला तर मोठी दुर्बीण लगेच त्या ताऱ्याकडे वळवता येईल, नाहीतर हे कलम गाळावं लागेल. तारा काही आपल्यासाठी थांबणार नाही, खवळला तसा निवेलही.

सर्वांत अनुभवी निरीक्षकाला. शिडीवर उभ्या उभ्या त्यानं ही ओळ पुन्हा वाचली. गोड लागली. आणि लगेच दुसरा निरोप, गटावर नाही, एकट्याला: ‘दादा, तुमच्यात नाही म्हणजे माझंच घसरलं असणार. काढून टाकू ना?’

हा माणूस इतका चांगला होता, हीच तर अडचण होती. तो शेखी मिरवणारा असता, खोटं बोलणारा असता, तर मनातल्या मनात त्याच्याशी भांडता आलं असतं, आणि भांडून झाल्यावर झोप लागते. चांगल्या माणसाचा हेवा करायचा तर सगळं काम एकट्यालाच करावं लागतं.

मंगळवारी संध्याकाळी दुकान बंद करून आला, हातपाय धुतले आणि संगणकापुढे बसला. सुट्या फ्रेम होत्या अजून. त्या पुसायच्याच असतात, पण शनिवारनंतर आभाळ भरून आलेलं होतं, नवीन काही घेता आलं नव्हतं, म्हणून जागा लागली नव्हती, म्हणून राहिल्या होत्या. साडूची चूक शोधून काढायला तो बसला होता. खरं सांगायचं तर एक सुंदर, सविस्तर, मोठ्या मनाचा निरोप त्याच्या डोक्यात आधीच तयार होता: बैठक कशी घट्ट करायची, घसरण कशी ओळखायची, असं सगळ्यांचंच होतं रे. त्यानं पहिली फ्रेम उघडली, तिच्याशेजारी दुसरी. दाणेदार, घाणेरडी चित्रं. इतक्या वर्षांत त्यानं सुटी फ्रेम नीट बघितली नव्हती. ती बघायची नसते, ती बेरजेत टाकायची असते. तिसरी. निळ्या बाजूला हीलियमच्या जागी एक टेंगूळ. चौथी. टेंगूळ जरा मोठं. पाचवीत रेषा उभी राहिली होती. सहावीत ती शेजारच्या हायड्रोजनच्या रेषेच्या खांद्याला लागली. सातवीत खाली बसली, आठवीत पुन्हा चढली. बाकीचा पट्टा तसाच होता, तांबड्याचे काळे पट्टे जागच्या जागी, तसूभरही हललेले नाहीत. घसरण असती तर सगळंच मंद झालं असतं. घसरण नव्हती. साडूच्या आणि त्याच्या दुर्बिणींमध्ये अख्खं शहर होतं, आणि दोघांत एकच रेषा, एकाच वेळी, एखाद्या झोपलेल्या जनावराचं पोट हलावं तशी वर-खाली होत होती. कुणीतरी श्वास घेत होतं तिथं. आणि ह्यानं सगळे श्वास एकावर एक रचून त्यांची सपाट गादी केली होती. खाली लिहिलं होतं, बदल नाही.

‘सापडली का चूक?’ बायकोनं दारातून विचारलं. तिच्या हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता.

‘बघतोय.’

‘धाकटीचा फोन होता. तो फार मनाला लावून बसलाय म्हणे.’

‘कशाचं एवढं?’

‘ते मला काय ठाऊक, तुमच्या रेषा तुम्हाला माहीत. म्हणाली, भाऊजींनी एकदा सांगितलं की त्याचा जीव भांड्यात पडेल. चूक तर चूक, पण सांगा.’ ती कपड्यांच्या घड्या घालायला तिथंच बसली. ‘त्याचं आपलं तुमच्यावर सगळं असतं. दादा म्हणतील तसं.’

‘हं.’

‘हं काय? तुम्हाला आवडत नाही का तो?’

‘मी कधी म्हटलं तसं?’

‘म्हटलं नाही कधीच,’ बायको म्हणाली, आणि एका मोज्याचा जोडीदार शोधू लागली.

ती गेल्यावर त्यानं फोन हातात घेतला.

‘बघितलं. तपासणी सुरू आहे.’

पुसलं. तपासणी संपली होती.

‘मलाही शनिवारीच शंका आली होती, पण’

पुसलं. आली नव्हती.

‘तुझी बैठक सैल आहे हे मी मागेच’

पुसलं, खरं असूनही.

‘बेरजेचा एक तोटा असा की’

हे वाक्य कुणाला तरी शिकवतंय असं वाटलं. कुणाला? पुसलं.

‘अभिनंदन.’

हा शब्द पडद्यावर सर्वांत जास्त वेळ राहिला. त्याच्यापुढची रेघ लुकलुकत होती, उघडमीट, उघडमीट. एका शब्दाला इतकं जड असायचं काय कारण? त्यानं तो मागून पुढे खाल्ला, एकेक अक्षर.

‘आभाळ उघडलं की पुन्हा बघू. घाई नको.’

हे पाठवलं.

‘हो दादा. तुम्ही म्हणाल तसं,’ उत्तर लगेच आलं. जणू तो फोन हातात धरूनच बसला होता.

खोटं काय बोललो? काहीच नाही. बुधवारी दुकान उघडताना हे त्यानं स्वतःला सांगितलं, गुरुवारी पुन्हा. आभाळ उघडल्यावर बघायला नको का? घाई करावी का? प्रत्येक शब्द तपासून घेतला तरी त्यात खोट निघत नव्हती. सगळे मिळून मात्र काहीतरी भलतंच होत होतं. आभाळ उघडलं नाही. त्याला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं की खालून ती धातूची चव. आई आठवायची, कारण नसताना. तो आणि त्याचा भाऊ, वर्षाचंच अंतर. आई कुणालाही सांगायची, मला दोघं सारखेच. पावाचे तुकडे सारखे, दूध सारखं, मारही सारखा, एकानं काच फोडली तरी दोघांना. मग भावाला ताप आला आणि आई त्याच्या उशाशी बसली, किती दिवस कोण जाणे. हा दारात उभा राहून बघायचा. आईचा हात भावाच्या कपाळावर, तो हात तिथं असा ठेवलेला की त्याला दुसरी जागाच नाही. सारखेच म्हणजे दोघांचं मिळून काढलेलं काहीतरी होतं, हे तेव्हा कळलं. सुटं सुटं बघितलं तर सारखं कधीच नव्हतं. त्यानं त्या दिवसांत थर्मामीटर चहाच्या कपाला टेकवून बघितला होता. पारा भलताच चढला, इतका ताप माणसाला येत नाही. आई हसली होती. ते हसणं त्याला अजून ऐकू येतं, त्यात राग नव्हता, हेच वाईट.

शुक्रवारी एका म्हाताऱ्याला वाचायचा चष्मा देताना त्यानं डावी काच उजवीकडे बसवली. असं कधी होत नसे. म्हातारा म्हणाला, ‘काय हो, तब्येत बरी आहे ना?’ शनिवारी बायको फोनवर बहिणीशी बोलत होती, आतल्या खोलीत, आवाज खाली, मध्येच हसली. तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि नळ न सोडताच उभा राहिला. कशाला हसली? साडूचं काहीतरी असणार. साडू हरला तरी लोक त्याच्यावर माया करत होते. आपण जिंकलोय आणि आपल्याला कुणी फोनही केला नाही. ह्यात आपण जिंकलेलो नाही हे त्याला आठवलं, पण जरा उशिरा.

रविवारी सगळे सासऱ्यांकडे जेवायला. महिन्यातून एकदा असायचंच. सासूबाई नव्हत्या आता, दोघी बहिणी डबे आणायच्या. सासऱ्यांनी अजून भिंतीवर नकाशे ठेवले होते, नद्या निळ्या शाईनं, डोंगर बारीक केसांसारख्या रेघांनी. खिडकीकडची खुर्ची रिकामी होती. साडू आधी आलेला असूनही भिंतीशी बसला होता. तो स्वतः त्या खुर्चीत बसला. खुर्ची छान होती. उजेड पाठीवर येत होता.

‘काय हो,’ सासरे वाढून घेता घेता म्हणाले, ‘आमचा लिफ्टवाला म्हणे आभाळातही अडकला?’

‘अडकलो नाही, बाबा. वर-खाली होत होतं काहीतरी,’ साडू म्हणाला. ‘माझा धंदाच तो. काही वर-खाली होताना दिसलं की मला वाटतं आपल्याकडे दुरुस्तीला आलंय.’

सगळे हसले. पण साडूचं हसणं लवकर आटपलं.

‘आणि मग?’

‘मग काय. दादांच्यात काही नव्हतं. दादांच्यात नाही म्हणजे नाही. आज संध्याकाळी बाईंना कळवतो, माझं कलम काढा म्हणून. उगाच सगळ्यांचा वेळ खाल्ला.’

‘म्हणून म्हणतो,’ सासरे चमचा रोखून म्हणाले, ‘ह्यांना विचारल्याशिवाय काही करत जाऊ नका. नकाशात एक नदी भलतीकडे वळवली की खालची सगळी गावं चुकतात. अनुभव लागतो.’ आणि त्याच्याकडे वळून, कितीतरी महिन्यांनी, जुन्या आवाजात: ‘तुम्ही ते बेरजेचं सांगितलं होतंत ना मला? कचरा मरतो आणि खरं उरतं. किती छान.’

दोन वर्षं ज्याची वाट बघितली होती ते असं ताटात आलं. त्यानं ते तोंडात धरलं. गोड होतं, नाही कसं म्हणणार? गोड होतं आणि गिळलं जात नव्हतं.

‘दुर्बीण पण काढून टाकतोय,’ साडू म्हणाला. ‘कामावरचा एक जण न्यायला येतोय उद्या. गॅलरीत जागा अडते, हिची कटकट असते.’

‘मी कधी कटकट केली?’ धाकटी म्हणाली. ‘उगाच माझ्यावर ढकलू नकोस. ताई, आठवडाभर तोंड पाडून बसलाय हा. म्हणतो, आपल्याला डोळेच नाहीत बघायचे. काहीतरी दिसतं आणि ते नसतंच. परवा लिफ्टची तार बघायला गेला तर दोनदा खाली उतरून साहेबाला विचारून आला, ही झिजलीय असं मला दिसतंय, तुम्हाला दिसतंय का? बारा वर्षं लिफ्टच्या तारा बघतोय.’

‘बास की,’ साडू म्हणाला.

तो जेवायचा थांबला. चष्म्याच्या धंद्यात हात थरथरला तर चालतं, उशीर झाला तर चालतं, काच बदलून देता येते. एकच गोष्ट करायची नसते. चांगल्या डोळ्यांना नंबर द्यायचा नसतो. दिला की डोळे त्या काचेला जुळवून घेतात, धडपडतात, दुखतात, आणि मग खरंच त्यांना तिच्यावाचून दिसेनासं होतं. त्याच्या हाताखालची पोरं ह्यावरून बोलणी खायची. आणि हा इथं समोर बसला होता, नखांत ग्रीस, उघड्या धडक्या डोळ्यांचा, आणि आठवडाभर आपण दिलेली काच लावून फिरत होता. लिफ्टच्या तारेपर्यंत गेली होती ती काच.

‘डोळे ठीक आहेत तुझे,’ तो म्हणाला.

‘असू दे हो दादा.’

‘असू दे काय. माझ्यातही आहे.’

‘काय?’

‘रेषा. सुट्या फ्रेममध्ये आहे. चढते, उतरते. तुझ्यासारखीच. बेरजेत बुडाली होती.’

साडूनं चमचा खाली ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ नये असा. ‘म्हणजे खरं आहे?’

‘खरं आहे.’

‘खरंच वर-खाली होतंय ते?’ त्याचा चेहरा आतून कुणीतरी दिवा लावल्यासारखा होत गेला. ‘बाबा, ऐकलंत का? दादा, मग दोघांचं नाव टाकू. नाही, तुमचं आधी. तुमच्याशिवाय कोण विश्वास ठेवणार होतं?’ तो अर्धा उठलाच होता, हात पुढे आलेला, आणि मग सहज, नुसतं कौतुकानं, त्यानं विचारलं, ‘कधी बघितलंत?’

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. आज सकाळी हे दोन शब्द तोंडात तयारही होते, आणि त्यांच्यावर कुणी शंका घेतली नसती. म्हणजे एकीनं घेतली असती. बायको पेल्यात पाणी ओतत होती आणि ओतायची थांबली होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पेल्याकडे बघत होती.

‘मंगळवारी,’ तो म्हणाला.

सासऱ्यांना काही कळलं नाही. ‘मग कोण बरोबर निघालं?’ त्यांनी विचारलं.

‘मंगळवारी?’ धाकटी म्हणाली. ‘आज रविवार आहे, भाऊजी.’

‘हो.’

‘नाही, मी मंगळवारी फोन केला होता. ताईला. त्याच मंगळवारी?’

‘हो.’

साडूचा पुढे आलेला हात तिथंच होता. मग तो हात टेबलावर टेकला. साडूनं त्याच्याकडे बघितलं, आणि ह्या नजरेची आपण पाच दिवस वाट बघतोय असं त्याला वाटलं. ये आता, त्यानं मनात म्हटलं. बोल. तुझ्या तोंडून दादा जाऊ दे, शिवी येऊ दे. मी खिडकीकडच्या खुर्चीतून उठतो, तू बस. त्यानं पाठ ताठ केली. मार खायला उभं राहावं तसं काहीसं त्याच्यात उभं राहिलं, आणि त्यात एक चमत्कारिक अभिमानही होता, की इतक्या चांगल्या माणसाला शेवटी आपण राग आणला.

‘फ्रेम आहेत आत्ता?’ साडूनं विचारलं. ‘फोनवर?’

‘आहेत.’

‘द्या.’

त्यानं फोन दिला. साडू तो घेऊन खिडकीशी गेला, पडद्यावर उजेड यायला लागला तसा भिंतीकडे सरकला, निळ्या नद्यांच्या नकाशाखाली. एक फ्रेम. दुसरी. बोटांनी ताणून मोठी केली, मागे गेला, पुन्हा पुढे. ओठ हलत होते. एकदा तो स्वतःशीच हसला, आवाज न करता, आणि मान एका बाजूला कलती केली, बाळ हालचाल करतंय का बघायला माणूस कलती करतो तशी. मंगळवार त्याच्या तोंडावरून गेलेला होता. त्यानं तो गिळला नव्हता, माफ केला नव्हता, त्याला नुसती जागाच उरली नव्हती तिथं.

‘चौथी आणि पाचवीच्या मध्ये तुमची माझ्याआधी चढलीय,’ साडू म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. ‘घड्याळं जुळवायला हवीत. अरे, ही बघा. ही सहावी. काय आहे हे.’

तो खुर्चीतून उठून त्याच्याजवळ गेला. मागे धाकटी बोलत होती, चढ्या आवाजात, बायको तिला मध्येमध्ये ‘हो गं, हो’ म्हणत होती आणि त्या ‘हो’मध्ये त्याची बाजू नव्हती. ते सगळं त्याच्या वाट्याचंच होतं, पण ते दुरून येत होतं. त्यानं साडूच्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघायचा प्रयत्न केला. त्याला पडदा दिसलाच नाही, साडूचा चेहराच दिसत राहिला. हे जनावर पाच दिवस त्याच्या घरात श्वास घेत होतं. त्यानं त्या फ्रेम एकेक करून बघितल्या होत्या, आठही, आणि त्या आठांत त्याला फक्त साडू दिसला होता. ह्या माणसाला त्यांत तारा दिसत होता. मोठी दुर्बीण, नाव, खुर्ची, सासऱ्यांचा जुना आवाज, सगळं घेऊन जा, पण हा चेहरा एकदा, एका फ्रेमपुरता, मला—

‘पुढची,’ साडू म्हणाला, आणि वर न बघताच त्यानं आपल्या अंगठ्यानं ती सरकवली.